ध्वनीत दडलेले चित्र आणि किल्लीचा प्रश्न : स्पेक्ट्रोग्राम-कला, व्हॉयेजरची तबकडी व पिंगुळीची चित्रकथी

सारांश

संगणकाच्या साहाय्याने ध्वनीच्या आत चित्र दडविण्याचे तंत्र गेल्या पंचवीस वर्षांत संगीतात रूढ झाले आहे. अशा निर्मितीचे कौतुक बहुधा तिच्या चातुर्यापुरतेच होते. तिची कलाकृती म्हणून चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या तंत्राचे स्वरूप स्पष्ट करून भारतीय काव्यशास्त्रातील ‘ध्वनी’ आणि ‘चित्र’ या संकल्पनांच्या आधारे त्याच्या मूल्यमापनाचा निकष मांडला आहे. त्या निकषावर पाश्चात्त्य संगीतातील दोन उदाहरणे, १९७७ ची व्हॉयेजर तबकडी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीची चित्रकथी यांचा विचार केला आहे. चित्र ध्वनीत लपविल्यामुळे जसे अदृश्य होते, तसेच सोबतचा ध्वनी हरवल्यामुळेही ते अदृश्य होते, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्पेक्ट्रोग्राम, संकेत, चित्रकाव्य, व्यंजना, व्हॉयेजर, चित्रकथी, पिंगुळी.

१. प्रस्तावना

चित्र हा डोळ्यांचा विषय आणि ध्वनी हा कानांचा, अशी विभागणी आपण गृहीत धरतो. परंतु ध्वनीचे आलेखन करता येऊ लागल्यापासून या विभागणीला तडा गेला. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ध्वनीचे दृश्य रूप कागदावर उमटविणारे यंत्र तयार झाले आणि १९४७ मध्ये ‘व्हिजिबल स्पीच’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोललेला शब्द डोळ्यांनी वाचता यावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे संगणक घरोघरी आल्यावर काही संगीतकारांनी हीच प्रक्रिया उलटी फिरविली. ध्वनीवरून चित्र काढण्याऐवजी त्यांनी चित्रावरून ध्वनी घडविला, तो गीतात मिसळला आणि ते चित्र ज्याला शोधायचे त्याच्यासाठी तिथेच ठेवून दिले.

या प्रकाराचे आकर्षण समजण्याजोगे आहे. ऐकताना जे केवळ कर्कश खरखर वाटते, त्यातून पडद्यावर एखादा चेहरा उमटावा, हा अनुभव जादूसारखा असतो. मात्र जादू संपल्यावर समीक्षेचा प्रश्न सुरू होतो. चित्र सापडल्याने ध्वनीच्या अर्थात काही भर पडते का? की ध्वनी हे केवळ पाकीट आणि चित्र ही आतली चिठ्ठी, एवढाच दोघांचा संबंध उरतो? चित्र आणि ध्वनी यांचा शतकानुशतकांचा संसार ज्या जिल्ह्यात चित्रकथीच्या रूपाने पाहावयास मिळतो, त्या सिंधुदुर्गातून हा प्रश्न विचारण्यात विशेष औचित्य आहे.

२. तंत्राचे स्वरूप

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे ध्वनीचा नकाशा. त्याच्या आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर वारंवारता असते आणि प्रत्येक बिंदूची उजळता त्या क्षणी त्या वारंवारतेचा ध्वनी किती प्रबळ आहे ते दर्शविते. कोणताही गुंतागुंतीचा तरंग साध्या तरंगांच्या बेरजेत मांडता येतो, हा फ्रेंच गणितज्ञ फूरिए याचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा सिद्धांत या नकाशाच्या मुळाशी आहे. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद गणनपद्धतीमुळे हे काम संगणकाच्या आवाक्यात आले.

संगीताच्या जाणकाराला हा नकाशा वाचणे अवघड नाही. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर एकावर एक समांतर आडव्या रेषांसारखे दिसतात. टाळाचा आघात उभ्या पट्ट्यासारखा उमटतो. मींड वळणदार रेषा काढते. मालवणच्या किनाऱ्यावर रात्री ऐकू येणारी समुद्राची गाज मात्र कोणतीही ठळक रेषा काढत नाही. तिच्यात उंच-नीच सर्व वारंवारता एकत्र मिसळलेल्या असल्याने तिचा आलेख धूसर राखाडी दिसतो. चित्र दडवायचे असेल तर अशा गाजेसारख्या ध्वनीत ते अधिक सहज सामावते, कारण गर्दीत एक माणूस वाढला तर तो ओळखू येत नाही.

आज्ञावलीचे काम तत्त्वतः सोपे असते. चित्राची प्रत्येक आडवी ओळ एका वारंवारतेला नेमून दिली जाते. प्रत्येक स्तंभ काळाचा एक छोटा तुकडा होतो. पिक्सेल जितका उजळ तितका त्या वारंवारतेच्या तरंगाचा आयाम मोठा, आणि काळ्या पिक्सेलच्या जागी शांतता. एका स्तंभातील सर्व तरंगांची बेरीज केली की त्या क्षणाचा ध्वनी मिळतो. समजा, ४०० स्तंभ आणि २५६ ओळी असलेले चित्र दहा सेकंदांत बसवायचे आहे. प्रत्येक स्तंभाला २५ मिलिसेकंद मिळतील. ३०० ते ११,३०० हर्ट्झ हा पट्टा वापरला तर दोन ओळींमध्ये सुमारे ४३ हर्ट्झचे अंतर राहील.

येथे एक मूलभूत मर्यादा आडवी येते. डेनिस गाबोर याने १९४६ मध्ये दाखविल्याप्रमाणे काळ आणि वारंवारता या दोहोंची सूक्ष्मता एकाच वेळी हवी तेवढी वाढविता येत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या ध्वनीत १,०२४ नमुन्यांची खिडकी घेतली तर ती सुमारे २३ मिलिसेकंदांची असते आणि वारंवारतेचा तपशील सुमारे ४३ हर्ट्झपर्यंतच मिळतो. खिडकी लहान करावी तर वारंवारता पुसट होते, मोठी करावी तर काळ पुसट होतो. म्हणजे वरील चित्र या मर्यादेच्या अगदी काठावर उभे आहे. शिवाय उभा अक्ष सम अंतराचा घेतला की लघुगणकी घेतला, यावर तेच चित्र सरळ किंवा विकृत दिसते. ध्वनी एमपी-३ सारख्या संक्षेपित रूपात साठविला तर कानाला न जाणवणारा भाग टाकून दिला जातो. कमी दर्जाच्या नोंदीत १६,००० हर्ट्झच्या वरचा पट्टा बहुधा नाहीसाच होतो. त्या पट्ट्यात चित्र ठेवले असेल तर गीत शाबूत राहते आणि चित्र मरते.

या तांत्रिक तपशिलातून समीक्षेला उपयोगी असा एक निष्कर्ष निघतो. ध्वनीतले चित्र स्वयंसिद्ध नसते. ते पाहण्यासाठी कोणता अक्ष, कोणती खिडकी, कोणता पट्टा हे ठाऊक असावे लागते. या माहितीला प्रस्तुत लेखात ‘किल्ली’ म्हटले आहे.

३. मूल्यमापनाचा निकष

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात काव्याचा आत्मा म्हणून ध्वनीची प्रतिष्ठापना केली. त्याचा ‘ध्वनी’ म्हणजे कानावर पडणारा नाद नव्हे. शब्दाच्या वाच्यार्थापलीकडे सूचित होणारा अर्थ होय. जेथे सूचितार्थ प्रधान तेथे ध्वनिकाव्य, जेथे तो गौण तेथे गुणीभूतव्यंग्य, आणि जेथे केवळ शब्दांची वा अर्थाची कारागिरी तेथे ‘चित्र’. चित्र हे त्याच्या मते काव्य नसून काव्याची अनुकृती आहे. पुढे मम्मटाने हीच श्रेणी उत्तम, मध्यम आणि अवर अशी मांडली. कमळ, खड्ग, चक्र अशा आकृतींत अक्षरे बसविणारे बंधकाव्य याच शेवटच्या वर्गात पडते. आज ध्वनीत चित्र दडविणारी कला या जुन्या शब्दांना अनपेक्षितपणे शब्दशः खरे करते, हा योगायोग मौजेचा आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा आहे तो त्यातील निकष. कारागिरीतून काही सूचित होते का, हा प्रश्न बंधकाव्याला जितका लागू तितकाच स्पेक्ट्रोग्रामला लागू आहे.

मराठीत या दोन टोकांची उदाहरणे आहेत. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणांपैकी काहींत विशिष्ट अक्षरांची बंधने पाळली आहेत, तर काहींत रामनामाच्या मंत्राची अक्षरे ओळीने गुंफली आहेत. अशी रचना ऐकणाऱ्याच्या कानाला कथा मिळते. गुंफलेला मंत्र मात्र लिहिलेली पोथी डोळ्यांसमोर धरल्याशिवाय आणि कोणते अक्षर उचलायचे ते ठाऊक असल्याशिवाय सापडत नाही. स्पेक्ट्रोग्राममधील चित्राची स्थिती नेमकी हीच आहे. तरीही मोरोपंतांच्या रचनेत एक संगती आहे: कथा रामाची आणि तिच्या पोटात दडले तेही रामनामच. याउलट एकनाथांच्या भारुडात वरवर विंचू चावल्याची किंवा सासुरवाशिणीची लौकिक कैफियत असते आणि आत अध्यात्म असते. तेही दडविणेच आहे. परंतु भारूड आपली किल्ली स्वतःबरोबर घेऊन येते. सादरीकरण संपेपर्यंत अडाणी श्रोत्याच्या हातीही ती पडलेली असते.

यावरून दोन कसोट्या निश्चित करता येतात. पहिली, संगतीची: दडलेले चित्र त्याच ध्वनीत असण्याला काही कारण आहे का? दुसरी, किल्लीची: चित्र उघडण्याचे साधन रसिकाला दिले आहे का, आणि कोणी दिले आहे?

४. संगीतातील दोन उदाहरणे

१९९९ मध्ये ‘एफेक्स ट्विन’ या नावाने संगीत करणाऱ्या रिचर्ड डी. जेम्स याची ‘विंडोलिकर’ ही रचना प्रसिद्ध झाली. तिच्यासोबतच्या दुसऱ्या रचनेचे शीर्षक म्हणजे एक लांबलचक गणिती समीकरण आहे. या रचनेच्या अखेरीस सुमारे दहा सेकंद धातू घासल्यासारखा ध्वनी ऐकू येतो. त्याचा आलेख काढला असता संगीतकाराचा स्वतःचा विकट हसणारा चेहरा दिसतो. चित्राचे ध्वनीत रूपांतर करणारे ‘मेटासिंथ’ हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरले गेले.

या उदाहरणाला केवळ खोडी म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. जेम्सने आपला हाच विकट चेहरा अनेक मुखपृष्ठांवर आणि चित्रफितींत वापरला होता. मुखपृष्ठावरून तो ध्वनीच्या आत शिरला, याला एक अर्थ आहे. निर्माता दिसत नाही आणि यंत्रच गाते, असे इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल म्हटले जाते. त्यावर हे एक उपरोधिक उत्तर होय. तेव्हा काहीतरी सूचित होते, हे मान्य करावे लागते. मात्र त्या दहा सेकंदांत ध्वनी संपूर्णपणे चित्राचा चाकर बनतो. कोणता स्वर कधी यावा हे संगीताने नव्हे, गालाच्या आणि दातांच्या कडांनी ठरविले आहे. किल्लीही रचनाकाराने दिलेली नाही. ती जिज्ञासू श्रोत्यांनी शोधून काढली. काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर व्यंग्य आहे, पण कारागिरीपुढे ते गौण झाले आहे.

‘नाइन इंच नेल्स’ या गटाच्या २००७ मधील ‘इयर झीरो’ संग्रहाचे उदाहरण याहून पुढचे आहे. या संग्रहात नजीकच्या भविष्यातील दडपशाहीग्रस्त अमेरिकेची कल्पित कथा आहे. संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वी लिस्बन येथील कार्यक्रमस्थळी यूएसबी ड्राइव्हवर एक गीत मुद्दाम सोडून दिलेले होते. गीताच्या अखेरच्या खरखरीचा आलेख काढल्यावर आकाशातून खाली येणाऱ्या हाताची आकृती दिसली. हा हात त्या कथेतील एक प्रमुख प्रतिमा आहे. येथे चित्र कथेचा भाग असल्याने संगती साधली आहे. खरखरीत संदेश लपविणे हेही दडपशाहीच्या कथेशी सुसंगत आहे. परंतु किल्ली ज्यांच्याजवळ संगणक, सॉफ्टवेअर आणि फुरसत आहे त्यांच्यापुरतीच राहिली. उरलेल्या श्रोत्यांसाठी ती खरखर खरखरच होती.

५. व्हॉयेजरची तबकडी : किल्लीसह पाठविलेले चित्र

ध्वनीत चित्र ठेवण्याचा सर्वांत गंभीर प्रयोग मात्र या दोन्हींच्या कितीतरी आधी झाला. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसविल्या आहेत. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने त्यांवर ५५ भाषांतील शुभेच्छा, पृथ्वीवरील विविध ध्वनी, सुमारे ९० मिनिटांचे संगीत आणि शंभराहून अधिक चित्रे अंकित केली. शुभेच्छांमध्ये मराठीचा समावेश आहे. चित्रे ध्वनीच्याच खोबणीत आहेत. तांत्रिकदृष्ट्या हा स्पेक्ट्रोग्राम नव्हे: येथे वारंवारतेऐवजी तरंगाचा आयामच उजळता सांगतो. एक चित्र ५१२ उभ्या रेषांत विभागलेले असून प्रत्येक रेषेला सुमारे ८ मिलिसेकंद मिळतात. रंगीत चित्रासाठी तीन प्रतिमा ओळीने दिल्या आहेत. कानाला मात्र ही सर्व चित्रे कर्कश घरघरीसारखीच ऐकू येतात.

फरक आहे तो किल्लीत. तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची, चित्राचा तरंग कसा दिसेल आणि रेषा कशा क्रमाने मांडायच्या, हे आकृतींनी कोरले आहे. पहिले चित्र केवळ एक वर्तुळ आहे आणि तेच वर्तुळ आवरणावरही कोरले आहे. आपण नीट उलगडले की नाही, हे उलगडणाऱ्याला स्वतःच पडताळता यावे यासाठी ही योजना. ज्याची भाषा ठाऊक नाही, ज्याला कान आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही, अशा वाचकाविषयी एवढी आस्था दाखविणारा दुसरा ग्रंथ सापडणे कठीण.

याच तबकडीवर सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका समितीने निवडली. केसरबाईंचा जन्म गोव्यातील केरी गावचा. म्हणजे सिंधुदुर्गाच्या शेजारचाच तो प्रदेश. अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. आपल्या गायनाची नक्कल होऊ नये म्हणून ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांपासून त्या दूर राहत, हे सर्वश्रुत आहे. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. यंत्रावर विश्वास न ठेवणारा एक आवाज यंत्रानेच अवकाशात दूरवर नेला; व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

तथापि समीक्षकाने येथे थांबून एक उणीव नोंदविली पाहिजे. तबकडीवरील संगीताचा शेवट बीथोव्हनच्या एका चतुष्टकातील ‘काव्हातिना’ने होतो, आणि चित्रांत व्हायोलिनसोबत त्याच रचनेच्या स्वरलिपीचे पान दाखविले आहे. चित्र आणि ध्वनी तेथे एकमेकांना उजळतात. भारतासाठी चित्रे आहेत ती ताजमहालाची आणि रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीची. तंबोरा नाही, गाणारी स्त्री नाही. भैरवी ही मैफिलीच्या अखेरीस गायची, निरोपाची रागिणी. पृथ्वीचा निरोप घेणाऱ्या यानावर तिची योजना किती अर्थपूर्ण आहे, हे तबकडी उलगडणाऱ्याला कोण सांगणार? चित्रांना किल्ली मिळाली. भैरवीला मिळाली नाही. चित्र आणि गायन एकाच खोबणीत असूनही एकमेकांना अनोळखी राहिले.

६. पिंगुळीची चित्रकथी : किल्ली म्हणजे कंठ

ज्या परंपरेत चित्र आणि गायन एकमेकांना कधीच अनोळखी नव्हते, ती कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावात आहे. चित्र दाखवीत कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथापर्यंत मागे नेता येतो. पिंगुळीच्या ठाकर आदिवासी समाजाने ही कला कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांसोबत जपली, आणि सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय लाभला. शिवकालात या समाजाने बातम्या पोहोचविण्याचे काम केले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. ती स्वीकारली तरी त्यांच्या चित्रकथीत गुप्ततेचा लवलेश नाही. ती देवळाच्या प्रांगणात सर्वांसमोर उलगडणारी कला आहे.

रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदाच्या सुट्या पानांवर असतात. अशा पानांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक पान उभे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीत त्या प्रसंगाचे गायन-निवेदन करतो. पोथी म्हटली तरी तीत कथा लिहिलेली नसते. ती कथेकऱ्याच्या कंठात असते. पानावर मोठ्या डोळ्यांच्या, बाजूने दिसणाऱ्या आकृती असतात. रथ, धनुष्य, राक्षस असतात. कोण कोणाशी आणि का लढतो आहे, हे मात्र गायनच सांगते.

स्पेक्ट्रोग्रामशी याची तुलना केली असता एक मर्मभेद हाती लागतो. दोन्हींत स्थिर चित्राला काळात उतरविले जाते. परंतु आज्ञावली चित्राच्या प्रत्येक स्तंभाला सारखाच वेळ देते. डोळ्याच्या बाहुलीला २५ मिलिसेकंद आणि रिकाम्या पार्श्वभूमीलाही २५ मिलिसेकंद. कथेकरी असे करीत नाही. एका कोपऱ्यातील सीतेवर तो कितीतरी वेळ रेंगाळेल आणि अर्धे पान व्यापणारा रथ एका ओळीत मागे टाकील. श्रोत्यांत म्हातारी माणसे अधिक असतील तर एक प्रसंग लांबेल, पोरे चुळबुळ करू लागली तर दुसरा आखडेल. काळाचे हे असमान वाटप म्हणजेच रसदृष्टी. आज्ञावलीला चित्र कळते ते उजळतेच्या रूपात. कथेकऱ्याला ते कळते प्रसंगाच्या रूपात. संगतीची आणि किल्लीची, अशा दोन्ही कसोट्यांवर चित्रकथी उतरते, कारण येथे ध्वनी हा चित्राचे आवरण नसून त्याचा उलगडा आहे.

याच ठिकाणी आजचा खरा धोका दिसतो. पिंगुळीची परंपरा नष्ट झालेली नाही. परशुराम विश्राम गंगावणे यांनी गावात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले आणि २०२१ च्या पद्मश्री पुरस्काराने या कलेकडे देशाचे लक्ष वेधले. परंतु पान आणि गायन यांचे भाग्य सारखे नाही. पान टिकते, काचेमागे ठेवता येते, विकत घेऊन भिंतीवर लावता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची पाने आहेत. गायन मात्र गाणाऱ्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. परिणामी पान जितके दूर प्रवास करते तितके ते आपल्या किल्लीपासून दुरावते. दिवाणखान्यात लावलेल्या त्या चित्राची रेषा वाखाणली जाते, रंगसंगती वाखाणली जाते. कथा कोणाला विचारावीशीही वाटत नाही. कोणतीही आज्ञावली न वापरता ते चित्र सर्वांच्या डोळ्यांदेखत दडलेले असते.

७. एक संभाव्य उपाय आणि त्याची मर्यादा

चित्रकथीचे पान तिच्याच गायनाच्या ध्वनिमुद्रणात स्पेक्ट्रोग्रामच्या रूपाने दडवून ठेवावे, म्हणजे दोन्ही कायम एकत्र राहतील, अशी कल्पना तंत्रस्नेही अभ्यासकाला सुचणे स्वाभाविक आहे. ती आकर्षक असली तरी स्वीकारार्ह नाही. स्पेक्ट्रोग्राम केवळ उजळता वाहून नेतो, त्यामुळे रंग जातील. वर सांगितलेल्या मर्यादेमुळे कुंचल्याची बारीक रेषा पुसट होईल. कथेकऱ्याच्या गायनावर खरखर चढेल आणि ध्वनिमुद्रण मोबाइलवरून पाठविताना संक्षेपित झाले की चित्राचा बराच भाग गळून पडेल. ज्या गायनाने चित्र उजळायचे, त्याच गायनाला चित्रासाठी मलिन करणे हा उफराटा व्यवहार ठरेल.

या तंत्राकडून घ्यायचा धडा दडविण्याचा नसून व्हॉयेजरच्या आवरणाचा आहे. पोथीचे दस्तऐवजीकरण करताना पाने आणि गायन वेगवेगळ्या कपाटांत जाता कामा नयेत. कोणते पान गायनाच्या कोणत्या क्षणी उघडले, कथेकऱ्याचे बोट त्या वेळी पानावर कोठे होते, कोणत्या शब्दावर पान मिटले, याची नोंद ध्वनिमुद्रणाबरोबरच व्हावी. ध्वनी संक्षेप न केलेल्या रूपात ठेवावा. कथेकऱ्याने आपल्या मालवणी बोलीत दिलेले स्पष्टीकरण प्रमाण भाषेत ‘सुधारून’ न घेता जसेच्या तसे जतन करावे. संगीत, मराठी, संगणकशास्त्र आणि चित्रकला या विषयांच्या अध्यापकांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. गरज आहे ती गाणारी माणसे गात असेपर्यंत ते करण्याची. आणि या नोंदीची पहिली प्रत पिंगुळीतच राहिली पाहिजे, कारण किल्ली मुळात त्यांच्या मालकीची आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, गूढतेतही आनंद असतो आणि प्रत्येक किल्ली हाती दिली तर शोधाची मौज संपेल. उखाणे, कोडी आणि कूटरचना यांच्यावर वाढलेल्या मराठी मनाला हा आक्षेप पटण्याजोगा आहे. परंतु कोडे घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि ते विचारता येते. ज्याचे उत्तर सांगणारा उरलाच नाही, ते कोडे राहत नाही. एफेक्स ट्विनच्या चेहऱ्याची किल्ली कोणत्याही संगणकावर पुन्हा तयार करता येते, कारण ती गणितात आहे. चित्रकथीच्या पानाची किल्ली गणितात नाही. ती काही कुटुंबांच्या स्मरणात आहे.

८. निष्कर्ष

(१) ध्वनीत चित्र दडविण्याची कला केवळ चातुर्यावर जोखता येत नाही. चित्र त्याच ध्वनीत असण्याची संगती आणि रसिकाला मिळणारी किल्ली, या दोन कसोट्या तिला लावणे आवश्यक आहे. आनंदवर्धनाने केलेला ध्वनी आणि चित्र यांतील भेद या नव्या कलेलाही मार्गदर्शक ठरतो.

(२) ‘विंडोलिकर’सोबतच्या रचनेत सूचितार्थ आहे, पण तो गौण आहे. ‘इयर झीरो’त संगती अधिक आहे, किल्ली मात्र मोजक्यांच्याच हाती आहे. व्हॉयेजरच्या तबकडीने चित्रांना किल्ली दिली, परंतु केसरबाईंच्या भैरवीला दिली नाही.

(३) पिंगुळीच्या चित्रकथीत गायन हीच चित्राची किल्ली आहे. म्हणून केवळ पानांचे जतन म्हणजे अर्ध्या कलेचे जतन होय. आणि उरलेले अर्धे गेले तर जतन केलेले अर्धेही वाचता येणार नाही.

(४) संगणकीय तंत्राचे खरे साहाय्य चित्र ध्वनीत लपविण्यात नसून चित्र आणि ध्वनी यांची वेळेनुसार गाठ बांधून ठेवण्यात आहे. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांना हे काम आपल्या दारातच उपलब्ध आहे.